फसलेल्यांचा फलक

तो कप डावीकडे साडेतीन अंशांनी कलला होता. कोनमापक टेबलावर उभा धरून तिने कल तीनदा मोजला होता. तिन्ही वेळा साडेतीनच भरला, आणि मगच तिने कपाचा फोटो काढून खाली लिहिलं होतं, 'कप कलला. कारण: वाळताना एकाच बाजूने वारा.' यापलीकडे त्या कपाबद्दल सांगण्यासारखं फारसं नव्हतं. सरळ कपापेक्षा त्यात बारा मिलिलिटर कमी मावत होतं, एवढंच. आणि आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, रोजच्यासारखी वही उघडून ती संगणकासमोर बसली, तेव्हा त्या फोटोखाली एकेचाळीस हजार दोनशे सहा असा आकडा होता. एवढ्या माणसांनी तो कप पाहिला होता. आणि तो एकाही माणसाने पाहावा अशी तिची इच्छा नव्हती. तिने बाहीच्या टोकाने पडदा पुसला, पान पुन्हा उघडलं. एकेचाळीस हजार दोनशे एकोणीस. पडदा पुसेपर्यंत आणखी तेरा जण येऊन गेले होते.

तिने हात मांडीवर ठेवले. बोटांच्या पेरांत कालच्या पांढऱ्या भुकटीच्या रेघा होत्या, कितीही धुतल्या तरी राहतात तशा. पलीकडच्या शेडमध्ये भट्टीवाले काका फळ्या झाडत होते, आणि त्या झाडूचा आवाज नेहमीसारखाच होता, याचं तिला आश्चर्य वाटलं. कार्यशाळा तिच्या नणंदेची. दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये विजेची भट्टी, एवढाच पसारा, पण नणंद त्याला 'आमचा कारखाना' म्हणायची आणि तसं म्हणताना जरा ताठ उभी राहायची. चाकावर नणंद, भट्टीशी काका, आणि ग्लेझ, म्हणजे भांड्यावर चढतो तो काचेसारखा थर, हिच्याकडे. चार वर्षांपूर्वीपर्यंत ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती. अजूनही कागदोपत्री शिकवतच होती, कारण तिने राजीनामा दिला नव्हता, रजा घेतली होती. रजा दर वर्षी वाढवून मिळत होती. या वर्षी मात्र प्राचार्यांचं पत्र आलं होतं, फार सभ्य आणि फार छोटं: यापुढे वाढ नाही, सत्र येत्या सोमवारी सुरू होतंय, येताय की नाही ते या आठवड्यात कळवा. आज बुधवार होता. पत्र आल्यापासून नवऱ्याने दोनदा विचारलं होतं, "काय ठरवलंस?" दोन्ही वेळा ती म्हणाली होती, "विचार करतेय." तो शहाणा माणूस, तिसऱ्यांदा त्याने विचारलंच नाही, फक्त जेवताना पाणी जरा जास्त वेळा वाढलं.

हे चित्रांच्या साइटचं काम तिने तेरा महिन्यांपूर्वी अंगावर घेतलं, तेही पैजेसारखं. त्या साइटवर लोक बोलत नाहीत, भांडत नाहीत, नुसती चित्रं शोधतात, आणि आवडलेलं चित्र आपापल्या फलकावर टाचून ठेवतात, पुढे कधीतरी घर लावू तेव्हा, कधीतरी वेळ मिळेल तेव्हा. नणंदेचे कप तिथे होते, पण शोधणाऱ्याला सापडत नव्हते. कुणी 'कप' म्हणून शोधलं तर दोनशे चित्रं खाली सरकवल्यावर कदाचित. तिने वही घातली. एका वेळी एकच बदल, दोन आठवडे थांबायचं, आकडा लिहायचा. आडवा फोटो उभा केला. वर्णनात 'कप' हा शब्द शेवटून उचलून पहिला आणला. वर्णन दोन ओळींचं पाच ओळींचं केलं. एकाच फलकावर सगळं कोंबलं होतं, ते रंगाप्रमाणे निवडून वेगळं केलं. अठ्ठावीस प्रयोग झाले. रोज सरासरी नऊ माणसं येत होती, ती चौदा झाली. "तेरा महिन्यांत पाच माणसं वाढवलीस," नणंद म्हणाली होती, "त्यातली दोन म्हणजे मी आणि तुझा नवरा. उरलेल्या तिघांना जेवायला बोलवू या." खरी अडचण शीर्षकांची होती, आणि शीर्षकं द्यायचा हक्क नणंदेने सोडला नव्हता. 'सांजवेळची हुरहुर'. 'मौनाचा निळा'. "वन्सं, हुरहुर लागली म्हणून कुणी कप शोधत नाही," तिने एकदा सांगून पाहिलं. "लोक टाइप करतात, हिरवा कप, मोठा." "करू देत. मी हिरवा कप मोठा बनवतच नाही. मी हुरहुर बनवते. त्यात चहा मावतो, ही त्यांची कमाई."

आणि मग एक बंद फलक होता. फक्त तिचा, फक्त तिला दिसणारा. त्याचं नाव 'फसलेले'. भट्टीतून जे जे बिघडून निघे, त्याचा फोटो ती तिथे ठेवायची, कारण वहीत फोटो चिकटवले की वही मिटत नसे. ओघळून बुडाशी डबकं झालेलं ग्लेझ. टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडलेली बशी. बुडाला चिकटून बसलेली फळी, की फळीला चिकटून बसलेला वाडगा, काय म्हणायचं ते. दोनशे बारा फोटो, आणि प्रत्येकाखाली नणंदेच्या हुरहुरीचा वारा न लागलेली एक सरळ ओळ: 'ग्लेझ का ओघळलं: थर जाड.' 'भोकं का पडली: भट्टी घाईने तापवली.' गेल्या शुक्रवारी तिने त्या फलकाचं नाव बदलून 'फसलेले, आणि का' असं केलं. वहीत लिहिलं, 'बदल: एक.' आता ती ते पान उघडून बघत होती, आणि पडद्यावर तो छोटा चौकोन, 'फक्त मला दिसावा' असं लिहिलेला, रिकामा होता. नाव बदलताना त्याच्यावर बोट पडलं असणार. तेरा महिन्यांत पहिल्यांदा तिने एका वेळी दोन बदल केले होते, आणि त्यातला एक तिला माहीतच नव्हता. बाकी सगळं मग ओळीने समजत गेलं. जगभर माणसं आपापल्या भट्टीतून वाकडे कप काढत होती आणि रागाने, घाईने, मातीच्या हातांनी टाइप करत होती, कप का कलतो, ग्लेझ का ओघळतं. तिने स्वतःसाठी लिहिलेल्या ओळी नेमक्या त्याच शब्दांत होत्या. अठ्ठावीस प्रयोगांनी जे साधलं नाही, ते एका चुकलेल्या बोटाने पाच दिवसांत साधलं होतं. शास्त्र म्हणून हे फार सुंदर होतं. तिला घाम फुटला होता.

कारण उघडं पडणं तिला सोसत नसे. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळे धरून चालले होते की नणंदेचं मनगट मोडलं आणि ती मदतीला धावली. मनगट मोडलं होतं, हे खरंच. पण मनगट तीन महिन्यांत जुळलं आणि रजा चार वर्षं चालली, हे गणित घरातल्या कुणी मांडलं नाही, किंवा मांडून गप्प राहिले. खरी गोष्ट होती ती फक्त चाळीस सेकंदांची. दुसऱ्या वर्षाचा वर्ग, चौसष्ट मुलं, दुपारचं ऊन फळ्याच्या डाव्या कोपऱ्यावर. ती रासायनिक क्रियेच्या वेगाचं एक समीकरण सोडवत होती, पंधरा वर्षं सोडवलेलं, झोपेत विचारलं तरी येणारं. सातव्या ओळीला उत्तर आलं आणि त्या उत्तराप्रमाणे भांड्यात उणे दोन मोल पदार्थ शिल्लक होता. म्हणजे भांडं रिकामं असण्यापेक्षाही रिकामं होतं. ती फळ्याकडे बघत राहिली. वर सरकत गेली, सहावी, पाचवी, चौथी, आणि काही दिसेना. अक्षरं होती, अर्थ नव्हता. पाठीला चौसष्ट जणांची नजर अशी लागत होती जशी भट्टीचं दार किलकिलं केल्यावर धग लागते, पण ही उपमा तिला नंतर सुचली. तेव्हा भट्टी कुठे होती. घड्याळाचा काटा ऐकू येत होता, म्हणून चाळीस हा आकडा ठाऊक. मग मागच्या बाकावरून एक मुलगी अगदी हळू, जणू तिलाच दुखेल अशा बेताने म्हणाली, "मॅडम, तिसऱ्या ओळीत. चिन्ह." खरंच होतं. उणेचं अधिक झालं होतं. तिने काय करायला हवं होतं? एक रेघ ओढायची आणि पुढे जायचं. तिने सगळा फळा पुसला, "आज एवढंच," म्हणाली आणि तास संपायला वीस मिनिटं असताना बाहेर पडली. पुढच्या आठवड्यात नणंद जिन्यावरून घसरली. माणसाला दुसऱ्याचं हाड मोडल्यावर हायसं वाटावं, ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे.

"मास्तरीणबाई!" नणंद दारातूनच ओरडत आली, एका हातात फोन, दुसऱ्या हातात चपलेचा तुटलेला पट्टा. "अगं, बघितलंस का? माझ्या मैत्रिणीच्या सुनेने पाठवलंय. आपला वाकडा कप! आपली सगळी फुटकी, तुटकी, पोळलेली भांडी जगाला दाखवलीस होय? मी झाकली मूठ म्हणून तेरा महिने हुरहुर हुरहुर करतेय, आणि तू मूठ उघडून वर भिंगही लावलंस."

"चुकून झालं, वन्सं. चौकोन रिकामा राहिला. आत्ता बंद करते." तिचा हात माउसवर गेलासुद्धा.

"थांब, थांब. हात काढ आधी." नणंद खुर्ची ओढून बसली आणि चष्मा नाकावर सरकवला. "हे बघ, ही कोण विचारतेय, हा कप विकत मिळेल का? आणि हा दुसरा. सहा नग हवेत, सगळे त्याच बाजूला कललेले. काका! अहो काका, इकडे या. कललेले कप करायचेत, सहा."

काका झाडू हातात घेऊनच दारात आले. त्यांनी मान लांब करून पडद्याकडे पाहिलं, जसं कुणी दूरच्या नातेवाइकाच्या लग्नाचा फोटो पाहतं. "मुद्दाम वाकडं मला जमणार नाही," ते म्हणाले. "आपोआप होतं तेवढं करीन."

नणंद हसली, काकाही मिशीत हसले, आणि तिलाही हसू आलं, पण हसता हसता तिची नजर कपाखालच्या शेऱ्यांवर होती. शंभराच्या वर होते. बहुतेकांत एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेली: माझाही असाच कलतो. एकाने लिहिलं होतं, 'मला वाटलं माझ्याच हातात खोट आहे. महिनाभर चाकाजवळ गेलो नाही.' तिने ते वाक्य दोनदा वाचलं. महिनाभर. तिच्या मानाने माणूस बराच धीट म्हणायचा. आणि मग, आठ शेरे खाली, ते होतं. 'तुमचं कारण बरोबर वाटत नाही. वाऱ्याने असा कल येत नाही. तुमच्या फोटोंतले सगळे कप कानाच्या विरुद्ध बाजूला कललेत. कान जोडताना कप समोरून दाबला जात असेल. नंतर सरळ केला तरी भट्टीत माती परत तिथेच जाते.' खाली सव्वीस जणांनी मान डोलावली होती. पडद्यावरची अक्षरं जागच्या जागी होती आणि अर्थ नव्हता. शेडमध्ये कुठेतरी नळ ठिबकत होता, आणि ती नकळत मोजायला लागली. एक, दोन, तीन. चार वर्षांपूर्वीचं ऊन मानेवर आलं. चौसष्टच्या जागी एकेचाळीस हजार. चौकोनावर एक टिचकी आणि सगळा फळा पुसला जाणार होता, कुणाला कळणारही नव्हतं. बारा, तेरा. आणि तेराव्या थेंबाला तिच्या डोक्यात, भीतीच्या थोडं बाजूला, एक अगदी कोरडा आवाज म्हणाला, पण हे तपासता येईल.

ती उठली. "वन्सं, मी तापाने दोन दिवस आले नव्हते, तेव्हा कप फळीवर कुणी लावले होते?"

"मीच. का गं? आता तेही वाकडे लावले म्हणू नकोस."

"कान कुठल्या बाजूला केले होते?"

"कान? जिकडे गेले तिकडे. कपांना मी दिशा विचारत नाही."

हाच तर मुद्दा होता. ती स्वतः कप लावायची तेव्हा सगळे कान खिडकीच्या उलट बाजूला, एका ओळीत, सैनिकांसारखे. नीटनेटकं दिसावं म्हणून. चार वर्षं. म्हणजे वारा खिडकीतून येत होता, वाऱ्याकडची माती आधी वाळून आखडते, आणि कप खिडकीकडे कलत होते, आणि खिडकीकडची बाजू हीच नेहमी कानाच्या समोरची बाजूही होती, आणि कुठल्या गोष्टीमुळे काय होतंय हे तिच्याच टापटिपीने झाकलं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलाने अशी मांडणी केली असती तर तिने वही परत फेकली असती. फेकली नसती, परत दिली असती आणि लाल शाईने एक प्रश्नचिन्ह काढलं असतं. खालच्या फळीवर नणंदेच्या गबाळ्या हाताचे ते सात कप अजून होते, कान दाही दिशांना. वाळताना कोणता कान कुठे होता हे भाजून आल्यावरही कळत होतं. प्रत्येकाच्या बुडाशी काकांनी, तिच्याच नेहमीच्या सांगण्यावरून, माती ओली असताना खिळ्याने बाण कोरला होता, खिडकी कुठे होती त्याचा. ती जमिनीवर बसली, कोनमापक घेऊन. एक कप जवळजवळ सरळ. उरलेले सहा कलले होते, दोन अंश, तीन, अडीच. खिडकीचा काही संबंध नव्हता. सहाच्या सहा आपापल्या कानाकडे पाठ करून झुकले होते, नको असलेल्या पाहुण्याशी बोलताना माणूस झुकतो तसे.

"काका," ती जमिनीवरूनच म्हणाली, "कान जोडताना तुम्ही कप कसा धरता?"

काकांनी झाडू भिंतीला टेकवला आणि हवेत एक कप धरून दाखवला. उजव्या हाताने कान दाबला, डाव्या अंगठ्याने समोरची बाजू. तो अंगठा एवढा मोठा होता की त्यापुढे प्रयोगाची गरजच नव्हती. "दाबला जातो थोडा," ते म्हणाले. "मी मग सरळ करतो. पण तो काही ऐकत नाही. मातीच्या ध्यानात राहतं."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"तीन वर्षं झाली असतील."

"मग बोलला का नाहीत?"

काका संकोचले. "तुम्ही लिहीत होतात ना," ते म्हणाले. "इतकं मन लावून."

नणंद इतकी हसली की तिला खुर्चीचा हात धरावा लागला. चष्मा घसरला, पट्टा तुटलेली चप्पल टेबलाखाली कुठेतरी गेली. ती जमिनीवर कोनमापक धरून बसली होती, मांडीवर मातीची धूळ, आणि तिच्या लक्षात आलं की आपणही हसतोय, आवाजाने, तोंडावर हात न ठेवता. हसू ओसरल्यावर ती उठली आणि संगणकासमोर बसली. त्या अनोळखी माणसाच्या शेऱ्याखाली तिने लिहिलं, 'तुमचं बरोबर आहे. माझं कारण चुकलं होतं. सात कप मोजून पाहिले, सहा कानाच्या विरुद्ध कलले आहेत.' मग कपाच्या फोटोखालची आपली जुनी ओळ तिने पुसली नाही. ती ओळ तशीच ठेवून तिच्यापुढे लिहिलं, 'चूक. खाली पाहा.' आणि खाली खरं कारण, अंगठ्यासकट. बटण दाबलं. एकेचाळीस हजार आठशे माणसांसमोर. ती थांबली, काय होतंय ते बघायला. नळ ठिबकला. शेजारच्या खोलीत किटलीचं झाकण वाजायला लागलं. थोड्या वेळाने त्या माणसाचं उत्तर आलं, 'वा. आणि सातवा का नाही कलला?'

सातवा. तिने तो उचलून उजेडात धरला. खरंच की. सातवा का नाही कलला? तळहाताला कपाचा गारवा लागत होता, आणि छातीत काहीतरी उघडल्यासारखं झालं होतं, कुणी पलीकडच्या बाजूने दार ढकलावं तसं. हा प्रश्न तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. नवरा विचारायचा ते 'काय ठरवलंस', नणंद विचारायची ते 'झालं का'. हा वेगळा होता. हा मागच्या बाकावरचा प्रश्न होता. आणि त्या मुलीने तेव्हा हेच तर केलं होतं, तिला आत्ता, इतक्या उशिरा, दिसत होतं. चौसष्ट जण नजर रोखून बसले नव्हते. निदान एक मुलगी तरी तिच्याबरोबर ओळ न् ओळ वर जात होती, सातवी, सहावी, पाचवी, आणि तिच्या आधी तिसरीला पोचली होती. शिकवणाऱ्याला याहून काय हवं असतं? तिने कप टेबलावर ठेवला. शांतपणे विचार केला तर भीती अजून होतीच, आकाराने साधारण तेवढीच. फक्त आता तिच्याकडे बघता येत होतं. तिचा कल मोजता आला असता.

"फलक उघडाच ठेव," नणंद चहा गाळता गाळता म्हणाली. "माझी हुरहुर वरच्या फळीवर, तुझे फसलेले खाली. लोक खालून येतील आणि वर बघतील. हे धंद्याचं डोकं बरं का, तुझ्या अठ्ठावीस प्रयोगांत नव्हतं." कप तिच्यासमोर ठेवून ती क्षणभर उभी राहिली. मग आवाज खाली आणून, पण मुद्दाम दुसरीकडे बघत, "ते पत्र आलंय म्हणे. भाऊ सांगत होता. मी विचारणार नव्हते. तू गेलीस तर ग्लेझचं काय, हे मी तुला विचारणारच नाहीये, कळलं का. काका आहेत, तुझ्या वह्या आहेत. मला नुसतं कळू दे. हे तुझं 'विचार करतेय' ऐकून ऐकून आमचे कान किटले."

काका दारातून न हलता उंबरठा झाडत राहिले, त्याच एका जागी.

तिने चहाचा घोट घेतला. गरम होता, जीभ पोळली. ती म्हणाली, "ग्लेझ रविवारी येऊन करीन, वन्सं. आणि सोमवारपासून कॉलेजला जातेय. दुसऱ्या वर्षाचा वर्ग मागून घेणार आहे."